भानुआत्याची लाल गाडी

(मानपूरजवळचा ढाबा. बाहेर दोन सीटांच्या दोन स्पोर्ट्स कार: एक जुनी लाल, एक नवी निळी.)

भानुमती: खरं सांगू? तुझी चांगली आहे.

ऋषभ: आत्या, मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस.

भानुमती: तसं मी कधी बोलते का? तुझ्या काकांना साखरपुड्यातच सांगितलं होतं, गाडी मीच चालवणार.

ऋषभ: पण तुझ्या लाल गाडीत मजा आ गया यार. रस्ता सरळ हातात जाणवतो. माझी इलेक्ट्रिक, ना आवाज, ना गिअर. बसलो की पोहोचलो.

भानुमती: तुझे गुडघे शाबूत आहेत म्हणून. माझं ऑपरेशन झाल्यापासून लाल गॅरेजमध्ये उभी आणि मी मल्हारगंजात ई-रिक्षा शोधत फिरते.

ऋषभ: म्हणूनच तर जबरदस्ती बाहेर काढलं. म्हटलं, स्टिअरिंग हातात आलं की सगळं विसरशील.

भानुमती: विसरले ना. राऊ गाव येईपर्यंत. सिग्नलला क्लच दाबला आणि पाय असा थरथरला, म्हटलं बस, ड्रायव्हिंग संपलं आपलं. आणि तू खाली उतरून म्हणतोस, गाड्या बदलू. राग आला मला. वाटलं, दया करतोय.

ऋषभ: दया कसली? लहानपणापासून मला ती चालवायची होती. तू बंटीदादालासुद्धा कधी दिली नाहीस.

भानुमती: पोटचा मुलगा असला म्हणून काय झालं? तो कुठलीही गाडी क्लचवर पाय ठेवूनच चालवायचा.

ऋषभ: मग? माझी चालवताना कसं वाटलं?

भानुमती: आधी काहीच नाही. समोर टीव्ही लावल्यासारखं. मग पुढे एक ट्रक आला. मी नुसता पाय टेकवला रे, आणि ट्रक मागे. आरशात बघते तर तूसुद्धा दिसेनास. हसायलाच आलं मला, एकटीला. आणि गुडघा आहे हे लक्षातच नाही.

ऋषभ: मग ठेव ना ती. लाल माझ्याकडे. बायकोला विचारलंय मी, ईशाची ना नाही.

भानुमती: थंडीत लालला जरा वेळ द्यावा लागतो. घाई केलीस तर बंद पडते.

ऋषभ: म्हणजे हो?

भानुमती: चहा संपव. आणि परत जाताना तू पुढे राहा.

ऋषभ: का? येताना तर मला पुढे जाऊ देत नव्हतीस.

भानुमती: इतकी वर्षं मी लालच्या आतच बसले. ती रस्त्यावर चालताना कशी दिसते, मी कधी पाहिलंच नाही.