दार लाव, डाक्टरबाय

— नाही म्हणजे नाही, कॅथरिनमावशी. ग्लोरिया माझ्याकडे कशाला आली होती, ते मी सांगणार नाही.

— अगो डाक्टरबाय, सून हाय ती माजी! मी काय परकी?

— मग घरी जाऊन तिलाच विचारा.

— ती सांगती तर पाचूबंदरावर मासळी टाकून आले असते का तुज्याकडं? बग, पापलेट आनलंय. ताजं हाय.

— ते परत न्या, मावशी. पेशंटची गोष्ट मी पापलेटाच्या बदल्यात विकत नाही.

— तुज्या आदीचा डाक्टर एका पापलेटात अख्ख्या गावाची दुखनी सांगायचा!

— तो सांगत असेल. मी नाही सांगणार. रागावलात तरी चालेल.

— रागावते कशाला? माज्या बहिनीची, लूर्डसची छातीतली गाठ त्यानंच गावात सांगितली. सकाळी मासळीच्या लिलावात बाया कुजबुजायला लागल्या. लाजंनं ती परत दवाखान्याची पायरी चढली नाय. गेली बिचारी. म्हनून तुजी परीक्षा घेतली. आता दार लाव.

— काय झालंय, मावशी?

— मना पन तशीच गाठ लागते. हितं, छातीत.

— या, इथे आडव्या व्हा. दुखलं तर सांगा.

— दुखत नाय गो. म्हनून तर भ्या वाटते. तेच हाय ना? खरं सांग.

— नुसतं हाताने कळत नाही. उगाच घाबरवणार नाही, खोटा धीरही देणार नाही. आधी तपासण्या करू. मोठ्या डॉक्टरांशी मी आत्ताच बोलते.

— आनि माज्या घरात?

— माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. पण एकट्या जाऊ नका.

— ग्लोरियाला नेते. तोंड घट्ट हाय पोरीचं. रोज त्यावरनंच भांडते मी तिच्याशी!

(पावसाळा सरल्यावर, त्याच खोलीत.)

— डाक्टरबाय! मोठा डाक्टर म्हनाला, येळेवर आलीस. गाठ मुळासकट काढली, कुठं पसरलं नाय. जिंकले गो मी!

— जिंकलात, मावशी! माझेच डोळे भरून आले बघा.

— आज लिलावात उबी राहून वरडले. माजी गाठ होती, काढली, आनि मी हाय जित्ती!

— सगळ्यांसमोर?

— माजी गोष्ट, मी सांगनार! मग टोपली उचलून लिलावातनं सरळ तुज्याकडं आले.

— आणि बाहेर तुमच्यासोबत आलेल्या त्या तिघी? त्यांना काय होतंय?

— मना काय माहीत? मी नाय इचारलं.