सासूबाईंचे दोन कॅन

लग्नानंतर माझं स्कूबा डायव्हिंग चालू राहणार की नाही, हे आमच्याकडे गाडीवरून ठरलं म्हटलं तर हसाल. माझ्या हवेच्या दोन टाक्या आणि डायव्हिंगचे सूट नाशिकहून मालवणला नेण्याजोगी गाडी हवी होती, आणि माझ्या नवऱ्याचा, रोहितचा, जीव जडला होता पांढऱ्या सीटच्या गाडीवर. मी नवी, म्हणून गप्प. सासूबाईही गप्पच. मला वाटलं, त्यांना माझं समुद्रात जाणंच पसंत नाही.

शोरूमला निघताना त्यांनी दुधाचे दोन कॅन पाण्याने भरून घेतले. पूर्वी सायखेड्याहून नाशिकला त्या दूध घालायच्या, तेव्हाचे.

“आई, हे कशाला?” रोहितने विचारलं.

“हिच्या टाक्या वजनाला एवढ्याच भरतात. मी बघितलंय उचलून.”

पांढऱ्या सीटच्या गाडीच्या टेस्ट ड्राइव्हला पहिल्याच गतिरोधकावर कॅन आडवे झाले आणि मागचा गालिचा भिजला.

“काकू, झाकण तरी घट्ट लावायचं,” सेल्समन कळवळला.

“मुद्दाम सैल ठेवलं. येताना हिचं सामान ओलंच असणार ना?”

दुसऱ्या गाडीत मागे रबर होतं, बांधायला कड्या होत्या. त्यांनी पिशवीतून दोरी काढून कॅन असे आवळले, की तीन गतिरोधक गेले तरी हलले नाहीत.

रोहित पुटपुटला, “पण ही किती दिवस करणार डायव्हिंग?”

“मी दूध घालायला लागले तेव्हा तुझ्या बाबांनीही हेच विचारलं होतं. त्याच दुधावर तू इंजिनिअर झालास.”

रोहितने दुसरी गाडी बुक केली. कॅनही त्यानेच उतरवले.