आपल्याच गावाला जायला सुई कशाला?

न्हाय, दात काढायला काय झालं? शेजारच्या कॉटवाले, तुमालाच म्हणतोय! बावीस वर्सं बर्मिंगहॅमला बस चालवली म्हणून काय मी गोरा झालो? अणदूरचा हाय मी! अन् ती सिमरन, तिथली नर्स, आमच्या मंडळाच्या हॉलमधी टेबल मांडून बसलेली, गावाकडं निघालेल्या एकेकाला गाठतीया... "अंकलजी, इंडिया जा रहे हो ना? टायफॉइड का टीका लगवा लो, फ्री है! और पानी उबालके पीना!" म्या म्हणलं, बाई, परमुलखाला जाणाऱ्याला टोच, आपल्याच गावाला जायला सुई कशाला?

अन् मी आलो कशाला? भाचीच्या लग्नाला! ज्ञानेश्वरी, माझ्या बहिणीची एकुलती एक. भटजी माइकवरनं म्हणतेत न्हाय का, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं"... त्या एका हाकंसाठी सायबाशी भांडून तीन आठवडे रजा काढली!

आलो, तर हा धनाजी, माझा वर्गमित्र, मळ्यात चारचौघांत म्हणतो, "बिभीषणसाहेब, बाटलीचं पाणी मागवू का? विहिरीचं तुमाला सोसायचं न्हाय आता." साहेब? मला? टाळकंच सरकलं! घेतला तांब्या, वर हिरवं तरंगत होतं, फुंकर मारली अन् गटागटा... एक न्हाय, तीन तांबे! आपल्याच गावाला जायला सुई? हॅट्!

बाराव्या दिवशी हुडहुडी. तिकडं पोरीला हळद लागली अन् मी हितं, तुळजापूरला दवाखान्यात, दिवसाला चार सुया! म्या म्हणलं, विमानातलं जेवण बाधलं असंल. डॉक्टर म्हणतो, "मामा, टायफॉइड हाय. बावीस वर्सांत तुमचं पोट गाव इसरलं." पोट इसरलं असंल, मी न्हाय इसरलो! तरीबी सांगतो, आपल्याच गावाला जायला सुई कशाला?

काल लगीन लागलं. भटजींनी हाक मारली... अन् मामा म्हणून पुढं गेला कोण? धनाजी! रोज तेच पाणी पितो, ठणठणीत! बहिणीनं व्हिडिओ कॉल लावलेला, मी कॉटवरनंच अक्षता टाकतोय, सिस्टर वरडती, "काका, हात हलवू नका, सलाईन निघंल!" रडू आलं हो मला...

तुमाला सांगतो, सात हजार किलोमीटर आलो अन् भाचीचं लगीन मोबाईलवर बघितलं. ते तर बर्मिंगहॅमलाबी दिसत होतं की!