नऊ नंबरची बाटली

नाही बाई, नऊ नंबर मिळणार नाही. फोनवर सांगितलं होतं, आता तोंडावर सांगते – चार घ्या, सहा घ्या, बारा घ्या, अख्खं हॉटेल मोकळं पडलंय, हवं तर रोज नव्या खोलीत झोपा, पण नऊ नाही. नऊ दिलेली आहे. कुणाला म्हणजे? गिऱ्हाइकाला. हॉटेलातली खोली आणखी कुणाला देतात? आणि नऊच का, ते तुम्ही काही सांगत नाही, कुणीतरी सुचवलं म्हणता – कुणी सुचवलं असेल तो शहाणा माझ्यासमोर आणा. बरं, ते जाऊ दे. ओळखपत्र तेवढं काढून ठेवा इथे टेबलावर, ते मला आजच्या आज पोलिसांकडे कळवावं लागतं, नाहीतर ठेवून घेत नाही मी कुणाला, सख्खी बहीण असली तरी. शोधा सावकाश. माझ्याही पर्समध्ये हवी ती वस्तू तळाशीच असते.

किती दिवस म्हणालात? महिनाभर. दवाखान्यात माणूस आहे. हं. मग नीट ठरवू या, बसा. मला या कामाची सवय आहे, वेर्चेल्लीत दुसरं येतंच कोण? तांदळाचे दलाल नाहीतर दवाखान्यात माणूस असलेले, फिरायला म्हणून इथे कुणी येत नाही, आणि आलं तर मला संशय येतो. आजवर कुठे होतात? नन्सच्या वसतिगृहात? म्हणजे सूप आणि नऊला दिवे बंद. माझ्याकडे दिवे तुमचे तुम्ही बंद करा. हे बघा, बारा नंबर मोठी आहे, पण चर्चची घंटा थेट उशीवर वाजते. सहा रस्त्याकडे. लिफ्ट नाही, होणारही नाही, म्हणून तुम्हाला मी चार देते – पहिला जिना संपला की डावीकडे, बाथरूम आतच. डासांची जाळी आहे, ती उघडायची नाही – सध्या शेतांत पाणी सोडलंय, डास चिमणीएवढे झालेत, मागाहून माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत. गाडी? मागच्या अंगणात लावा. चौकात मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो, आदल्या रात्री गाडी तिथे विसरलात तर सकाळी तिच्या जागी चीजचं दुकान उभं असतं. आणि दवाखान्यात पुढच्या दाराने जाऊ नका, मागच्या फाटकाने जा, चालत सात मिनिटं.

आणि मळलेले कपडे आणून देत जा. ही पिशवी तीच ना? पायजमे? द्या इकडे. द्या हो, लाजता काय – दवाखान्यातल्या माणसाचे पायजमे हॉटेलच्या बेसिनमध्ये धुणाऱ्या बायका मी जन्मभर बघितल्यात, रात्रभर खुर्चीवर वाळत घालतात आणि सकाळी ओलेच घेऊन जातात. माझ्याकडे यंत्र आहे, उन्हाची दोरी आहे. त्याचं बिल लावत नाही मी. माझा भाऊ म्हणतो, लाव. माझा भाऊ रेमो – अर्धं हॉटेल त्याचं, तोरिनोत राहतो, आणि तिथून इथलं सगळं त्याला दिसतं. त्याला काय पाहिजे, माहितीये? दाराला आकड्यांची डबी. गिऱ्हाइकाने मोबाइलवर बघून आकडे फिरवायचे, किल्ली काढायची, झोपायचं, निघून जायचं. मी कुठे? मी कुठेच नाही. मी म्हटलं, रेमो, रात्री माणसाला ताप चढला तर ती डबी वर येऊन कपाळाला हात लावणार आहे का? तर म्हणतो, इरीदे, तू अडुसष्ट वर्षांची झालीस. झाले तर झाले. डबीला किती वर्षं झाली की ती सूप करायला शिकते, ते सांग मला.

काय बघताय तिकडे? – बाटली आहे. वाइनची. अर्धी, हो. तिला हात लावायचा नाही. दुसरीकडे तुम्ही कधी राहिलाच नाहीत का? अहो, रोज जेवणाऱ्या गिऱ्हाइकाची बाटली उरली की आम्ही बूच लावतो, चिठ्ठीवर खोलीचा नंबर घालतो आणि कपाटावर ठेवतो, पुढच्या जेवणाला तीच परत टेबलावर. नॅपकिनचंही तसंच, प्रत्येकाची आपापली पाकिटं. माझ्या वडिलांच्या वेळी त्या कपाटावर वीस-वीस बाटल्या असायच्या, लग्नाच्या फोटोत पाहुणे उभे असतात तशा. आता एक आहे. नऊ नंबरची. वास येत असेल, येऊ दे. आंबली? आंबू दे. पाच आठवड्यांत कोणतीही वाइन आंबते, त्यात तिचा काय दोष.

हो, पाच आठवडे. आज पाचवा मंगळवार. नऊ नंबर मंगळवारी येतात, बुधवारी सकाळी जातात, बावीस वर्षं. तांदळाच्या गिरण्यांना चाळण्या लागतात ना, त्या विकतात. मंगळवारी इथे तांदळाचा बाजार, सगळे गिरणीवाले एका जागी सापडतात. दुपारी एकला येणार, टोपी त्या खुंटीला, नंबर विचारणार नाही, काही नाही, किल्ली घेणार – आणि मंगळवारी मी पानिस्सा करते, आपला भात, वाल आणि सॉसेज घालून, आजही टाकलाय, वास येतोय ना? – तर आधी चमच्याच्या टोकावर एक दाणा घेणार आणि म्हणणार, इरीदे, आज दोन मिनिटं जास्त. बावीस वर्षं दोन मिनिटं जास्त. एकदा मुद्दाम दोन मिनिटं आधी उतरवला, तर म्हणाला – म्हणाले – म्हणाले, आज काय बिघडलं?

येतील. चार मंगळवार चुकले म्हणून काय झालं? माणूस आजारी पडतो, गाडी बिघडते. रेमो म्हणतो, गेला असेल, नाहीतर दुसरं हॉटेल धरलं असेल, नऊ नंबर भाड्याने दे. एक गिऱ्हाईक महिनाभर आलं नाही तर खोली रिकामी ठेवणारी बाई वेडी, असं त्याने वकिलासमोर सांगितलं. आणि मी वकिलासमोर सांगितलं, असेन वेडी, पण डबीच्या कागदावर सही करणार नाही. मंगळवारी माणूस येणार, दाराला डबी बघणार, त्याला आकडे कोण सांगणार? किल्ली बघा कुठे आहे – तिथे खिळ्यावर नाही, तिथून रेमो उचलेल. माझ्या एप्रनच्या खिशात. झोपताना उशाखाली. हसा, खुशाल हसा.

नाही हसत? मग ठीक. फोन? केला की. मोबाइल बंद. घरचा नंबर आहे रजिस्टरात, तो नाही लावला. का म्हणजे? कुणी उचलला तर मी काय सांगायचं, कोण बोलतंय? हॉटेलवाली? तुमची अर्धी बाटली राहिलीय, म्हणून? – आणि कोण उचलणार होतं, कुणी नसेलच. त्यांचं जुनं कागदी ओळखपत्र होतं ना, लग्न झालंय की नाही तो रकाना असायचा, त्यात नुसत्या रेघा होत्या. रेघा. लग्न झालेलं असतं तर तसं लिहिलं नसतं? पुढे नवीन कार्ड आलं, त्यात तो रकानाच नाही. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. जेवणं आवरली की मी हात पुसून समोर बसायची, ते दोन ग्लासांत ओतायचे, एक माझा. बोलायचे चाळण्यांबद्दल. तुम्हाला सांगते, चाळणीच्या भोकांबद्दल दोन-दोन तास ऐकलंय मी, आणि मला कंटाळा आला नाही. आता या वयात तोंड वर करून सांगते, मला तो माणूस आवडतो. कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्ही अनोळखी म्हणून सांगितलं. रेमोला कळलं तरी त्याला मी भीक घालत नाही. आठवड्यातले सहा दिवस मी त्या एका दिवसासाठी ढकलते, आणि त्यात मी कुणाचं काही घेतलेलं नाही.

सापडलं का कार्ड? आणा. चष्मा कुठे गेला – हा इथेच. पावान, जिल्दा. छान नाव, माझ्या मावशीचं होतं. जन्म पादोवा. लांबच्या तुम्ही. दवाखान्यातलं माणूस तुमचं कोण, भाऊ? नवरा. मग त्यांचंही नाव लागेल मला फोन-बिन आला तर – तुमच्या कार्डावरून काय कळणार, लग्न झालं तरी कार्डावर बाईचं माहेरचंच आडनाव. परवा एक जोडपं आलं, दोघांची आडनावं वेगळी, रेमो आला होता इथे, त्याने भुवया वर केल्या. मी म्हटलं, मूर्खा, कार्ड उलटं कर, मागे पत्ता असतो, पत्ता एक तर नवरा-बायको. नगरपालिका – लेन्यागो.

लेन्यागो.

नाही, काही नाही. ओळखीचं आहे गाव. नाव ओळखीचं आहे. मोठं गाव आहे ना ते? राहतच असतील बरेच लोक. थांबा, मागची बाजू – मागचा पत्ता लिहायचा राहिला. विया देई सालिची, एकतीस.

तुम्ही वाचून दाखवायची गरज नाही बाई, हा पत्ता मला पाठ आहे. दर मंगळवारी लिहिते मी तो. न बघता लिहिते.

कधी झालं? महिन्यापूर्वी. मंगळवारी. इथून चार किलोमीटरवर, गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं – कडेला घेतली, म्हणजे शुद्ध होती तोवर. म्हणजे इकडेच येत होते. मी तेव्हा भात उतरवून बसले होते. सात मिनिटांवर. महिनाभर माणूस सात मिनिटांवर पडलाय आणि मी इथे बाटलीची धूळ पुसतेय.

उजवी बाजू गेली. बरं. आणि बोलतात का? एकच शब्द. कोणता?

नऊ.

हो, ऐकू आलं. नर्सला वाटलं वेळ सांगतात. तुम्हाला वाटलं नवव्या महिन्यात काहीतरी. मग गाडीच्या खणात माझ्या पावत्या सापडल्या, खोली नंबर नऊ, म्हणून तुम्ही फोन केलात आणि तीच खोली मागितलीत. आणि मी तुम्हाला इथे बसवून सगळं घडाघडा सांगितलं. तुम्ही थांबवलं नाहीत. मला कळतं, मीही नसतं थांबवलं. पण आता ऐका – एक शब्द मी मागे घेणार नाही. माफी मागणार नाही. रेघा होत्या त्या रकान्यात, रेघा मी मारल्या नव्हत्या. तुम्हाला ओरडायचं असेल तर ओरडा, अंगणात जाऊन ओरडलात तरी चालेल, आणि दुसरीकडे जायचं असेल तर स्टेशनसमोर एक आहे, तिथे डबी आहे दाराला.

जाणार नाही म्हणता. मग उठा.

ही घ्या किल्ली. नऊ. दुसरा मजला, उजवीकडचं शेवटचं दार. खिडकीची कडी आधी वर उचलायची, मग फिरवायची, नाहीतर हातात येते – त्यांनी दुरुस्त करतो म्हणून बावीस वर्षं लावली. पलंगाखाली सपाता आहेत, त्या तिथेच राहू द्या नाहीतर त्यांना नेऊन द्या, तुमचं तुम्ही बघा. एक वाजता जेवायला खाली या. खिडकीजवळच्या टेबलावर नाही, ते त्यांचं, मधल्या टेबलावर. आणि थोडा भात डब्यात घालून देते, चारला फाटक उघडतं तेव्हा न्या. गिळता येत नसेल तर चमच्याच्या टोकावर एक दाणा, बस. काय म्हणतात ते मला सांगू नका. नाही – सांगा.

आणि ही तुमची पिशवी घ्या. पायजमे तुम्ही धुवा. वर बेसिनपाशी साबण ठेवलाय. ते तुमचं काम आहे, मी त्यात पडत नाही.

बाटलीकडे बघू नका. खोली दिली, किल्ली दिली. बाटली माझी आहे, ती कपाटावर राहील. जा आता वर, उभ्या काय राहिलात, माझा भात खाली लागतोय.