सगळ्यांचाच नंबर पहिला

दातांच्या दवाखान्यात मागच्या बाकावरच्या मुलीने कान टवकारले. पुढे गाल सुजलेल्या काकू काकांवर करवादत होत्या.

“अहो, पहिला नंबर, मग तासभर का बसलोय?”

“दवाखान्याच्या चॅटबॉटने मेसेज पाठवलाय ना, लागेल नंबर.”

“त्या आजोबांनाही पहिलाच पाठवलाय.”

“असं कसं?”

“बॉट तुम्ही बनवलाय, मला काय विचारता?”

“चाचणीपुरता कोडमध्ये सगळ्यांना एकच आकडा टाकला होता. काढायचा राहिला वाटतं.”

“मग जाऊन सांगा डॉक्टरांना.”

“हळू बोल. त्यांच्या दुसऱ्या दवाखान्याचं कामही मलाच मिळणार आहे.”

“इथे दाढ ठणकतेय माझी.”

तेवढ्यात नर्सने दार उघडलं. “पहिला नंबर कोणाचा?”

अख्खी खोली उठली. मुलगीही उठली, काकूही उठल्या.

काकांनी काकूंना हाताला धरून खाली बसवलं.

“बस गं, आपल्याला कुठे घाई आहे.”