हरणांसाठी भुयारी मार्ग

"विकास आणि निसर्ग यापुढे हातात हात घालून चालतील!" रस्ते खात्याच्या साहेबांचा आवाज दाराबाहेर आला. बाकावर आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी कान टवकारले. आत गेलेल्या वनरक्षक बाई मात्र कुणाच्या हातात हात घालायच्या बेतात नव्हत्या.

"साहेब, काल पुन्हा एक हरणी ट्रकखाली गेली. गाभण होती."

"अरेरे! अहो, पण रस्त्याखालून एवढा भुयारी मार्ग बांधलाय ना त्यांच्यासाठी?"

"त्यात तुम्ही दिवे लावलेत."

"अंधारात धडपडतील बिचारी, म्हणून!"

"उजेडाला बुजतात ती, साहेब. आणि तोंडाशी वॉचमन कशाला बसवलाय?"

"माणसं घुसू नयेत म्हणून."

"माणसं घुसत नाहीत, हरणंही घुसत नाहीत. त्याला बघितलं की ती वर रस्त्यावर चढतात."

"त्याला शिट्टी दिलीय की, त्यांना खाली बोलवायला!"

"कपाळ माझं! दिवे काढा, त्या माणसाला हलवा आणि रस्त्याच्या कडेनं कुंपण घाला, म्हणजे जनावर आपसूक खालून जाईल. अजून किती वेळा घसा कोरडा करू?"

"बरं बाई, बरं. दिवे आजच उतरवतो, वॉचमन इकडे बोलावतो, कुंपणही घालतो. झालं समाधान?"

बाहेर पोस्टमास्तरांनाच हायसं वाटलं.

"झालं, साहेब. उपकार झाले."

"मग आमचंही एक बारीकसं काम करा. उद्या सकाळी मंत्री उद्घाटनाला येतायत. फीत कापली की आतून दोन हरणं पाठवून द्या. दोनच पुरेत."