पांढरा बोकड, चुन्याची भिंत

जिंतूर गाडीत माझ्या मागच्या सीटवर दोघं बोलत होते.

"सुरज, बोकड विकायला वेबसाईट काढणार होता ना तू?"

"काढली की, अवधूत. तू म्हणला तसं फोटोमागचा पसारा ॲपनं पुसला."

"मंग लय भारी दिसत असंल."

"बोकड पांढरा, मागं चुन्याची भिंत. ॲपनं भिंतीसंगं बोकड बी पुसला. दावं धरून मी तेवढा राह्यलो."

"आरं, मंग फोटो बदलायचा की."

"न बघताच टाकला. खाली लिवलंय, जातिवंत हाय, निरोगी हाय, खायाला लय लागत न्हाई."

"फोन आला का कुणाचा?"

"पाथरीहून आला एक."

"हासला असंल."

"न्हाई. फोटो बघितला म्हणला, पर किंमत लय सांगायलाव."